गुरुवारी चालणारा सेट

एक हात पँटच्या खिशात घालून भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डावा हात खिशात, उजव्या हाताचं बोट समोरच्याच्या नाकापुढे. दूधवाल्याशी भांडण असो, घरमालकाशी असो, पवित्रा हाच. कंपनीत फोरमनशी बोलतानाही हात खिशात गेला, तेव्हा फोरमनला तो उद्धटपणा वाटला आणि त्याने मेमो दिला. उत्तरात यांनी लिहिलं की, चालू विजेजवळ काम करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका बसलाच तर तो छातीतून जात नाही. इतकी वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढल्यामुळे ही सवय अंगात मुरली आहे. ती साहेबांसमोरही सुटत नाही, याचा अर्थ साहेबांनी आपापल्या परीने लावावा.

या माणसाला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, शेतं मोडून नुकत्याच उठलेल्या बैठ्या खोल्यांच्या रांगेत आम्ही शेजारी होतो. मी बँकेत कारकून, ते मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, मूळचे कोकणातले. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. "काय बँकवाले?" एवढंच. मला या माणसाचा भयंकर राग यायचा, आणि संध्याकाळी दोन दिवस दिसले नाहीत की चुकल्यासारखंही व्हायचं.

राग येण्याचं कारण त्यांची पद्धत. कुठलीही वस्तू बिघडली की भाऊ म्हणत, "आधी भिंत." म्हणजे वस्तूला हात लावायचा नाही. वीज भिंतीतून येते, तर सुरुवात भिंतीपासून करायची. मीटर, फ्यूज, बटण, प्लग, वायर, आणि सगळ्यात शेवटी वस्तू. एकदा आमचा टेबलफॅन बंद पडला. भाऊ आले आणि तासभर मीटरच्या पेटीपाशी उभे राहिले. मग प्लग उघडला, मग वायर वीतवीत चाचपली. घरात घामाच्या धारा. शेवटी पंख्यापाशी पोचले तेव्हा पात्याच्या मागे माझ्या लेंग्याची नाडी गुंडाळलेली सापडली. मी म्हटलं, "भाऊ, हे आधी बघितलं असतं तर?" ते शांतपणे म्हणाले, "आधी बघितलं असतं, तर तुमच्या प्लगातला एक स्क्रू ढिला आहे हे कधी कळलं असतं?"

ही पद्धत विजेपुरती असती तरी चाललं असतं. चहा बिघडला की ते दूध कुठल्या गोठ्यातलं इथून सुरुवात करायचे. आमचा मुलगा गणितात नापास झाला, तेव्हा त्याची पाटी-पेन्सिल मागवून घेतली होती.

भाऊंना नाद होता हौशी रेडिओचा. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी रीतसर परवाना काढला होता. तो काचेत घालून देवांच्या तसबिरीशेजारी लावला होता. ज्याच्याकडे असा परवाना असेल, त्याला घरी बसून दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या देशाच्या परवानेवाल्याशी बोलता येतं. तोंडाने बोलता येतं, नाहीतर मोर्सची कळ दाबून, म्हणजे जुन्या तार ऑफिसातल्यासारखं कट्ट-कडकट्ट करून. भाऊ कळवाले होते. एकच डबा, त्यातून ऐकायचंही आणि त्यातूनच पाठवायचंही. त्याला ते 'सेट' म्हणत. छपरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियलची तार ताणलेली. घरमालक इथलाच, मावळातला जुना शेतकरी. त्याला ती तार अजिबात पसंत नव्हती.

"भाऊ, ती तार काढा बगू. आमची म्हस बिथारती," तो म्हणायचा.

"म्हैस तारेला कशाला बिथरेल? तारेत काय आहे?"

"त्ये मला काय ठावं न्हाई. पर तुमी कट्टकट्ट करताय अन् हिकडं ती धार चोरती. व्हय का न्हाई ते सांगा."

मग भाऊंचा डावा हात खिशात जायचा आणि आम्ही आपापल्या खोल्यांत निघून जायचो.

घरात टेबल एकच होतं. त्यावर वहिनींचं शिवणयंत्र. वहिनी आख्ख्या रांगेची पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यामुळे टेबल त्यांचं. भाऊंना ते गुरुवारी मिळायचं. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून आमच्या भागातल्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, रविवारी सगळे कारखाने धडधडत असायचे. गुरुवारी सेट उघडायचा, कथलाचे डाग द्यायचे, दुरुस्ती करायची. शिवाय रविवारी सकाळी एक तास टेबल भाऊंना द्यायचं, असा नवरा-बायकोत करार होता. त्यासाठी भाऊ रविवारची फर्स्ट शिफ्ट कुणाच्याही गळ्यात मारून स्वतः सेकंड घ्यायचे. माझी सुट्टी रविवारची. मी पेपर घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसत असे, कारण वहिनींचा चहा.

रविवारचा तो एक तास मास्तरांचा.

मास्तर म्हणजे भाऊंच्या गावचे निवृत्त तारमास्तर. भाऊंना मोर्स त्यांनी शिकवलं, कारखान्याची वाट त्यांनी दाखवली, परीक्षेला त्यांनी बसवलं. मास्तरांकडेही असाच सेट होता. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, पाय गेले. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी राहिली. पेन धरता येत नव्हतं, पण कळ दाबता येत होती. त्यांचा मुलगा रत्नागिरीत नोकरीला, शनिवारी रात्री घरी यायचा. रविवारी सकाळी तो सेट चालू करून बापाच्या बोटांखाली कळ सरकवायचा. एरवी सूनबाई विजेच्या भीतीने त्या डब्याला हातसुद्धा लावायच्या नाहीत. घरात दुसऱ्या कुणालाही मोर्स येत नव्हतं. म्हणजे मास्तर जे काही बोलत, ते आठवड्यातून एक तास, आणि ते फक्त आमच्या भाऊंशी. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक अक्षर जुळवत.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी भाऊंचा जुना सेट जळाला. मुंबईच्या एका हौशी मंडळाकडून त्यांनी नव्या सेटचं किट मागवलं. किट म्हणजे सुटे भाग आणि नकाशा, जोडायचं आपण. भाऊंनी ते मन लावून जोडलं. एका गुरुवारी सेट चालू झाला, आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाने कर्नाटकातून खणखणीत ऐकू येतंय म्हणून उत्तर दिलं. भाऊंनी रांगेत पेढे वाटले. घरमालकालासुद्धा दिला.

रविवारी मी नेहमीसारखा जाऊन बसलो. सेट लावला. खरखर, शिट्ट्या, आणि त्यातून मास्तरांची हाक आली. भाऊंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. उत्तर द्यायला त्यांनी कळ दाबली, आणि सेटमधून टकटकटकटक असा आवाज सुरू झाला, थंडीने दात वाजावेत तसा. त्यांनी कळ सोडली. आवाज बंद, पुन्हा मास्तरांची हाक. पुन्हा कळ दाबली, पुन्हा टकटकटक.

भाऊंनी मला नंतर समजावून सांगितलं. ऐकताना सेटला वीज थोडीच लागते, पाठवताना पुष्कळ. पाठवायची वेळ आली की आतला व्होल्टेज कोसळत होता. आतलं एक स्विच सुटून सेट परत ऐकण्यावर जात होता. मग व्होल्टेज चढायचा, स्विच पुन्हा बसायचं, पुन्हा सुटायचं. "थोडक्यात, पॉवरमध्ये दोष आहे. गुरुवारी काढतो," ते म्हणाले.

गुरुवार आला. तपासायला लागणारा मीटर कंपनीचा होता. बाजारातल्या मीटरवर भाऊंचा काडीचा विश्वास नव्हता. बुधवारी संध्याकाळी गेटपासवर तो घरी आणायचा आणि शुक्रवारी सकाळी परत करायचा, अशी फोरमनने दिलेली सवलत होती. भाऊंनी भिंतीपासून सुरुवात केली. भिंत ठीक, फ्यूज ठीक, ट्रान्सफॉर्मर ठीक. कळ दाबली तर सेट मुकाट चालला. एकही टक नाही. तरी त्यांनी स्विच बदललं, संशय नको म्हणून.

रविवारी पुन्हा टकटकटक.

असं किती आठवडे चाललं ते मी मोजलं नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले. दर गुरुवारी भाऊ काहीतरी बदलायचे, कधी कपॅसिटर, कधी ट्रान्झिस्टर. एकदा तर सगळे डाग काढून नव्याने दिले. दर गुरुवारी सेट गरीब गाईसारखा वागायचा आणि दर रविवारी दात वाजवायचा. वहिनी म्हणाल्या, "जागा बाधत असेल." मी म्हटलं, "भाऊ, सेटला रविवारची सुट्टी हवीय, बँकवाल्यांसारखी." एरवी त्यांनी मला दोन ऐकवली असती. त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा पहिल्या स्क्रूपासून लागले. मलाच कसंतरी झालं.

कारण हाक येत होती. ते सगळ्यात वाईट होतं. मास्तर तिकडून बोलवायचे, थांबायचे, पुन्हा बोलवायचे. मला मोर्सचं ओ की ठो कळत नाही, पण तेच तेच पुन्हा येतंय एवढं मलाही कळायचं. समोरून 'ओ' आल्याशिवाय मजकूर पाठवायचा नाही, हा तार ऑफिसचा नियम मास्तर मोडत नसत. पुढे हाका हळू होत जायच्या आणि बंद पडायच्या. भाऊंनी मास्तरांच्या मुलाला पत्राने कळवलं होतं की, दोष सेटचा आहे, आम्हाला ऐकू येतंय. त्याचं उत्तर आलं. आप्पांना, म्हणजे मास्तरांना, समजावून सांगितलं, मान हलवतात, पण तासभर कळ दाबून झाली की तोंड भिंतीकडे करून घेतात. काहीतरी सांगायचंय असं वाटतं. आम्ही विचारतो, पाणी हवंय का, भूक लागलीय का, डॉक्टर बोलवू का. नाही म्हणून मान हलवतात. आम्हाला आणखी काय विचारायचं ते सुचत नाही.

भाऊंनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बँकवाले, जे कुणी विचारतच नाय, ते माणसाने कसं सांगायचं?"

मग नवरात्र आलं. त्या वर्षी खंडेनवमी रविवारी पडली. खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पुजायची. वहिनींनी शिवणयंत्र, कात्री, इस्त्री पुसून मांडली आणि त्यांच्या पंगतीत सेटही बसवला. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. भाऊंना देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण बायकोला अडवायची त्यांची प्राज्ञा नव्हती. पूजा उरकताच त्यांनी फूल न काढताच सेट लावला आणि कळ दाबली.

सेट चालला! एक टक नाही. भाऊ बोलवत सुटले. अर्धा तास झाला, तास झाला, पण मास्तरांकडून चिटपाखरू नाही. वहिनींनीच शेवटी सांगितलं, "अहो, खंडेनवमी काय फक्त चिंचवडला असते? तिकडेही सेट पूजेला बसला असेल. आज कोण हात लावू देतंय?" आणि तसंच झालं होतं. भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. पण सेट सुधारला होता. वहिनींच्या मते पूजा फळली होती, आणि माझाही त्याला विरोध नव्हता.

पुढच्या रविवारी वहिनींनी सकाळीच सेटवर ताजं फूल ठेवलं. मास्तरांची हाक आली. भाऊंनी कळ दाबली. टकटकटकटक.

"दक्षिणा कमी पडली," मी म्हटलं.

भाऊ हसले नाहीत. फुलाकडे बघत बसले. सेट तसाच चालू, मास्तर तिकडून बोलवतायत, आणि हे फुलाकडे बघतायत. मग उठून दारात गेले. समोर दोन शेतं सोडून एक फाउंड्री होती, त्या पावसाळ्यातच सुरू झालेली, विजेच्या भट्टीत लोखंड वितळवणारी. तिचा धूर निघत होता. नेहमीच निघायचा.

"बँकवाले, खंडेनवमीला कंपन्यांत काय असतं?"

"पूजा. पेढे. फोटो."

"आणि मशिनं?"

"बंदच की. मशीन पुजायचं तर..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत भाऊ घरात येऊन भिंतीतल्या प्लगपाशी उकिडवे बसले होते.

त्या दुपारी कंपनीत जाऊन त्यांनी मीटर मागितला. सुट्टी सोडून मीटर बाहेर जात नाही, असं म्हणत फोरमन अडून बसला. त्यांच्या खात्यातल्या एकाने मला नंतर सांगितलं की, त्या दिवशी भाऊंचे दोन्ही हात खिशाबाहेर होते आणि जोडलेले होते. फोरमन इतका घाबरला की त्याने काही न विचारता पासवर सही केली.

सोमवारी सकाळी, फाउंड्री जोरात असताना, भाऊंनी मला हाक मारून भिंतीतल्या प्लगला मीटर लावून दाखवला. दोनशे तीस व्होल्टच्या जागी काटा एकशे सत्तरच्याही खाली लोळत होता. एवढ्या विजेवर दिवा लागतो, रेडिओ ऐकू येतो. पण सेटने पाठवायचं म्हटलं की त्याचे गुडघे टेकत होते. सेटमध्ये दोष नव्हता. तो पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. दोष भिंतीत होता.

मला खरं तर हसू येत होतं. आयुष्यभर 'आधी भिंत' म्हणून आमचं डोकं खाल्लेला माणूस भिंतीनेच चीतपट केला होता. पण त्यांचा चेहरा बघून हसू गिळलं.

"मी तपासली हो," ते म्हणाले. "दर गुरुवारी तपासली. गुरुवारी भिंत निरोगीच असणार. त्या दिवशी तिच्या उरावर कुणी बसलेलंच नसतं." मग वहिनींना म्हणाले, "तू म्हणत होतीस ते खोटं नाय. पूजेनंच चालला. पण आपल्या पूजेनं नाय, कंपन्यांच्या."

वहिनी म्हणाल्या, "पूजा ती पूजा," आणि मशीनवर बसल्या.

आता भिंतीचा नाद सोडून सेट बॅटरीवर चालवायचा असं भाऊंनी ठरवलं. रांगेच्या टोकाला एक टेम्पोवाला राहायचा. त्याच्याकडून शनिवारी संध्याकाळी जुनी बॅटरी आणली. ती आम्ही दोघांनी उचलून टेबलाखाली ठेवली, वहिनींच्या कपड्यांच्या गठ्ठ्यापासून दूर. रविवारी मी चहाचंही नाव न काढता जाऊन बसलो. मास्तरांची हाक आली, पण किती हळू! दोन अक्षरांच्या मध्ये माणूस झोपी जावा इतकी. भाऊंनी कळ दाबली. सेट मुकाट चालला, एक टक नाही. त्यांनी उत्तर पाठवलं, कळ सोडली आणि वाट बघितली.

तिकडे काही नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, मास्तर पुन्हा भिंतीकडे वळले. मग एकदम कट्टकट्ट सुरू झालं, वेडंवाकडं, अडखळत, पुन्हा पुन्हा चुकून दुरुस्त करत. भाऊ कागदावर अक्षरं उतरवत होते. इतक्या महिन्यांनी माणूस पहिलं काय बोलेल? मी मनात म्हटलं, आशीर्वाद देतील, नाहीतर शिव्या घालतील.

भाऊंनी पेन्सिल ठेवली.

"काय म्हणतात?"

"गादीत गाठ आहे म्हणतात. डाव्या खांद्याखाली. गादी उलटी करायला सांग म्हणतात."

वहिनींच्या हातातली सुई थांबली. पावसाळ्यापासून तो माणूस त्या कापसाच्या गाठीवर पडून होता. घरची माणसं बिचारी पाणी विचारत होती, डॉक्टर विचारत होती. गादीचं कुणाच्या मनात यावं? मला रडू आलं. वहिनी तर पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मास्तरांचा मुलगा समोरच उभा असणार, पण त्याला सांगणार कोण? तो दुपारच्या गाडीने रत्नागिरीला परतणार. भाऊंनी सदरा चढवला, सेकंड शिफ्टला दांडी मारली, आणि लोकलने पुण्याला जाऊन मोठ्या तार ऑफिसातून सूनबाईंच्या नावे तार केली. तारेत तीनच शब्द होते, गादी उलटी करा. सोमवारी तारवाला दारात आला, तेव्हा त्या घरात तार फोडायच्या आधीच रडारड झाली म्हणे. ज्यांची काळजी, ते समोर खाटेवर पडलेले, मग गेलं कोण, हेच कुणाला कळेना. शेवटी तारवाल्यानेच वाचून दाखवली आणि गादी धरायला हातही लावला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी लवकरच गेलो. हाक आली, भाऊंनी उत्तर दिलं. तिकडून कट्टकट्ट आलं, अगदी थोडं, आणि यावेळी न अडखळता. भाऊंनी काही लिहून घेतलं नाही. कळेवर बोट तसंच ठेवून बसून राहिले.

"अहो, काय म्हणतात?" वहिनींनी आतून विचारलं.

"झोप लागली म्हणतात," भाऊ म्हणाले.